नदीकांठची अनोळखी माशी

मराठी भाषेनें ‘माशी’ हा शब्द मोठ्या उदारपणानें वापरला आहे. अन्नावर बसते ती माशी, पोळें बांधते ती मधमाशी, डंख मारते ती गांधीलमाशी, गुरांना छळते ती गोमाशी. कपाशीचें पीक नासविणारी ती पांढरी माशी आणि विदर्भांतील संत्र्याच्या बागा काळवंडून टाकणारी ती काळी माशी. या सहांपैकीं शास्त्राच्या दृष्टीनें खऱ्या माशा दोनच : घरांतील माशी आणि गोमाशी. मधमाशी व गांधीलमाशी यांचें गोत्र मुंग्यांशीं जुळतें. पांढरी माशी आणि संत्र्यावरची काळी माशी या तर माव्याच्या जातभाई असून झाडाचा रस शोषून जगतात. इंग्रजी भाषाहि या बाबतींत फारशी काटेकोर नाहीं. तेव्हां नदीकांठीं एखादी अनोळखी माशी सांपडली, तर ती कोण हें ठरवितांना नांवावर विसंबून चालत नाहीं. शरीर, वस्ती आणि वागणूक या तिघांची साक्ष काढावी लागते.

ही उठाठेव कशासाठीं, असा प्रश्न येथें कोणी विचारील. नदीकांठीं हजारों कीटक उडतात. त्यांतील एकाचें नांव न कळल्यानें कोणाचें काय बिघडतें? या प्रश्नाचें उत्तर पश्चिम आफ्रिकेंतील व्होल्टा नदीच्या खोऱ्यानें दिलें आहे. तेथें तिळाएवढ्या एका माशीची ओळख नीट पटलेली नव्हती तोंवर गांवेंच्या गांवें तिची किंमत आपल्या डोळ्यांनीं मोजीत होतीं. पुढें ती ओळख जसजशी नेमकी होत गेली, तसतशीं तीं खोरीं पुन्हां माणसांच्या वस्तीस योग्य झालीं. ती हकीकत समजण्यासाठीं माशी ओळखण्याचे साधे नियम आधीं ध्यानांत घेतले पाहिजेत.

पहिला नियम पंख मोजण्याचा. उडणाऱ्या बहुतेक कीटकांना पंखांच्या दोन जोड्या, म्हणजे चार पंख असतात. खऱ्या माशीला मात्र दोनच पंख असतात. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनीयस यानें १७५८ सालच्या आपल्या ग्रंथांत या गणाला ‘डिप्टेरा’, म्हणजे द्विपंखी, असें नांव दिलें तें याच लक्षणावरून. घरमाशी, गोमाशी, डास, चिलट ही सर्व मंडळी या एकाच गणांत येते. आणि आजवर या गणाच्या दीड लाखांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. मग मागची जोडी गेली कोठें? ती नाहींशी झालेली नाहीं; तिचें रूप पालटलें आहे. पंखांच्या मागें दोन्ही बाजूंस, टोंकाला गोळी असलेल्या दोन बारीक दांड्या दिसतात. गदेच्या आकाराच्या या दांड्या उडतांना पंखांबरोबर वेगानें हलतात आणि शरीर कोणत्या बाजूस कलतें याची वार्ता माशीला क्षणोक्षणीं देतात. त्या काढून टाकल्या तर पंख शाबूत असूनहि माशीला तोल सांवरून उडतां येत नाहीं. लांब पायांच्या माशांत तर या दांड्या साध्या भिंगांतूनहि स्पष्ट दिसतात.

या एका कसोटीनें नदीकांठचे पुष्कळ तोतये गळून पडतात. सायंकाळीं पाण्यावर थव्यानें नाचणारें एक नाजूक पाखरूं असतें. त्याचे पारदर्शक पंख बसतांना पाठीवर शिडासारखे उभे मिटलेले असतात आणि मागें केसांसारख्या दोन किंवा तीन लांब शेपट्या असतात. इंग्रजींत याला ‘मे-फ्लाय’, म्हणजे मे महिन्यांतील माशी, म्हणतात. परंतु ही माशी नव्हे. याचें पिलूं पाण्यांत कित्येक महिने, कांहीं जातींत दोन-तीन वर्षें, वाढत असतें. पण पंख फुटल्यावर याला कांहींच खातां येत नाहीं, आणि कांहीं तासांत किंवा फार तर थोड्या दिवसांत याचा अवतार संपतो. पंख फुटल्यावरहि आणखी एकदां कात टाकणारा असा हा एकच गण आज पृथ्वीवर आहे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यानें हिपानिस नदीकांठच्या एका अल्पायुषी पाखराचें वर्णन केलें आहे, आणि त्याला चार पाय असल्याचें म्हटलें आहे. मे-फ्लाय बसतांना पुढचे दोन पाय बहुधा उचलून धरते. त्यामुळें एवढ्या मोठ्या निरीक्षकाचीहि मोजणी चुकली असावी. मोजणी करतांना उतावीळ होऊं नये, हा धडा त्यांतून घेण्यासारखा आहे.

दुसरा तोतया ‘स्टोन-फ्लाय’. हा ओढ्यांतील दगडांवर धांवतांना दिसतो; पंख पाठीवर सपाट, एकावर एक दुमडलेले असतात आणि मागें बहुधा दोन शेपट्या असतात. तिसरा ‘कॅडिस-फ्लाय’. याचे पंख केसाळ असून घराच्या छपराप्रमाणें दोन्ही बाजूंस उतरते असतात, आणि मिशा शरीराइतक्या किंवा त्याहूनहि लांब असतात. एखादा करडा पतंगच बसला आहे असा भास होतो. याच्या अनेक जातींच्या अळ्या वाळूचे कण किंवा काड्या आपल्या रेशमानें चिकटवून नळीसारखें घर करतात आणि तें घर अंगावर वागवीत नदीच्या तळाशीं फिरतात. ईशान्य भारतांतील डोंगरी नद्यांजवळ ‘डॉब्सन-फ्लाय’ नांवाचा बोटाएवढा मोठा, जाळीदार पंखांचा कीटक आढळतो. त्याच्या कांहीं जातींतील नराचे जबडे हस्तिदंतांसारखे लांब असल्यामुळें लोक घाबरतात. वस्तुतः त्या लांब जबड्यांत चावण्याचें बळ फार थोडें असतें. हे सर्व चार पंखांचे जीव आहेत. यांपैकीं पहिल्या तिघांची पिलें स्वच्छ, प्राणवायूनें भरलेल्या पाण्यांत विपुल असतात. म्हणून नदीच्या पाण्याची परीक्षा करणारे लोक प्रथम तळचे दगड उलटून हीं पिलें शोधतात.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मे-फ्लायच्या कांहीं लहान जातींत मागची जोडी मुळींच नसते. तेव्हां त्यांचेहि पंख दोनच भरतात. अशा वेळीं शेपट्या पहाव्या. खऱ्या माशीला तशा लांब शेपट्या नसतात, आणि मे-फ्लायला गदेसारख्या दांड्या नसतात. सारांश, एका लक्षणावर निकाल देऊं नये. दुसऱ्या लक्षणानें त्याला दुजोरा द्यावा.

पंख दोनच आहेत आणि दांड्याहि आहेत असें ठरलें, म्हणजे दुसरा नियम मिशा पहाण्याचा. द्विपंखी गणांत ढोबळ मानानें दोन तट आहेत. एका तटांतील जीव सडपातळ असतात आणि त्यांच्या मिशा अनेक सांध्यांच्या असतात. डास याच तटांतील. अतिशय लांब, सहज तुटणाऱ्या पायांची ‘क्रेन-फ्लाय’ याच तटांतील. आणि दिव्याभोंवतीं ढीग पडणारें, डासासारखें दिसूनहि न चावणारें ‘कायरोनोमस’ नांवाचें चिलटहि याच तटांतील. दुसऱ्या तटांतील माशा अंगानें भरलेल्या असून त्यांच्या मिशा आंखूड, थोड्या सांध्यांच्या असतात. घरमाशी व गोमाशी यांचा समावेश या तटांत होतो. फुलांवर हवेंत एकाच जागीं स्थिर रहाणारी, अंगावर पिवळे-काळे पट्टे मिरविणारी माशीहि याच तटांतील आहे. तिनें गांधीलमाशीचा वेष घेतलेला असतो. परंतु तिला नांगी नसते, आणि दोन पंख व आंखूड मिशा तिचें सोंग उघडें पाडतात.

तिसरा नियम पंखांवरील शिरांचा. माशीच्या पंखांवर शिरांचें जें जाळें असतें, तें प्रत्येक कुलांत ठराविक असतें. नदी व तिच्या उपनद्या जशा नकाशांत दाखवितात, तशा या शिरा व त्यांच्या शाखा चित्रांत काढून ठेवलेल्या आहेत, आणि त्या चित्राशीं ताडून पाहिलें म्हणजे कुल बहुधा निश्चित होतें. चौथा नियम वस्तीचा व वागणुकीचा. माशी खळाळत्या पाण्याजवळ होती कीं संथ डोहाजवळ, दिवसा आली कीं रात्रीं, एकटी होती कीं थव्यानें, चावली कीं नुसतीच बसली, या गोष्टी शरीरलक्षणांइतक्याच मोलाच्या आहेत.

हे चार नियम हातीं घेऊन आतां ती तिळाएवढी माशी पहावी. तिची लांबी बहुधा दोन ते पांच मिलिमीटर. रंग काळसर. पाठ इतकी वर आलेली कीं बाजूनें पहातां तिला कुबड आहे असें वाटतें. पंख दोन, रुंद व स्वच्छ; त्यांवर पुढच्या कडेजवळच्या शिरा ठळक आणि बाकीच्या अगदीं पुसट. मिशा अनेक सांध्यांच्या, परंतु आंखूड व जाड, लहान मण्यांची माळ ओंवावी तशा. म्हणजे ही डासांच्या तटांतील असूनहि रूपानें माशीसारखी. इंग्रजींत तिला ‘ब्लॅक-फ्लाय’ म्हणतात. पण संत्र्याच्या बागेंतील काळ्या माशीशीं घोटाळा होऊं नये म्हणून तिचें ‘सिम्युलियम’ हें शास्त्रीय नांवच वापरलेलें बरें. ती दिवसा, उघड्यावर चावते. डास कातडींत सोंड खुपसतो. ही कातडीला बारीक जखम करून सांठलेलें रक्त पिते, आणि उडून गेल्यावर मागें रक्ताचा एक ठिपका ठेवते. डासाप्रमाणेंच यांतहि चावते ती मादी.

ही माशी नदीलाच कां चिकटून असते, याचें कारण तिच्या बाळपणांत आहे. डासाची अळी सांचलेल्या पाण्यांत वाढते. सिम्युलियमची अळी वहात्या पाण्यावांचून जगत नाहीं. ती दगडावर किंवा पाण्यांत लोंबणाऱ्या गवतावर रेशमाची एक चिमुकली गादी करते, शरीराच्या मागच्या टोंकावरील सूक्ष्म आंकड्यांचें कडें त्या गादींत अडकविते, आणि प्रवाहांत अंग सोडून देते. तिच्या तोंडाशीं दोन पंखे असतात. वहात्या पाण्यांतून येणारे अन्नकण त्या पंख्यांत अडकतात आणि ती ते गिळते. म्हणून जेथें नदी खडकांवरून खळाळत धांवते, जेथें पाण्यांत प्राणवायु भरपूर असतो, तेथें या अळ्यांची दाटी होते. वाढ पुरी झाल्यावर ती पाण्याखालींच रेशमाचा कोष विणते, आणि शेवटीं हवेच्या एका बुडबुड्यासह वर येऊन उडून जाते.

या माशीच्या चाव्यांतून कांहीं देशांत एक जंत माणसाच्या शरीरांत शिरतो. त्याचें नांव ‘ऑन्कोसर्का व्हॉल्व्ह्युलस’. मोठे जंत कातडीखालीं गांठी करून दहा-पंधरा वर्षें रहातात, आणि मादी जंत रोज शेंकड्यांनीं सूक्ष्म पिलें प्रसवते. तीं पिलें कातडींत फिरतात. असह्य खाज सुटते, कातडी सुरकुतते व पांढरट डागांनीं भरते. कांहीं पिलें डोळ्यांत शिरतात. तेथें तीं मेलीं म्हणजे दाह होतो. आणि असा दाह वर्षानुवर्षें होत राहिला म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडदा अपारदर्शक होऊन दृष्टि जाते. एका-दोन चाव्यांनीं हें होत नाहीं. ज्याला नदीकांठीं शेती करावयाची आहे, पाणी भरावयाचें आहे, मासे धरावयाचे आहेत, त्याला वर्षांतून हजारों वेळां चावे बसतात. त्याच्याच वांट्याला हें अंधत्व येतें. या रोगाला ‘नदीचें आंधळेपण’ असें नांव पडलें तें त्यामुळेंच.

मध्य अमेरिकेंतील ग्वाटेमाला देशांत रोडोल्फो रोब्लेस या डॉक्टरानें १९१५ सालीं माणसांच्या डोक्यावरील गांठींत हे जंत शोधले, त्यांचा डोळ्यांच्या विकाराशीं संबंध जोडला, आणि रोगाचा पट्टा व चावणाऱ्या माश्यांचा पट्टा एकच आहे हें पाहून माशीवर संशय घेतला. तो संशय खरा असल्याचें डोनाल्ड ब्लॅकलॉक यानें १९२६ सालीं आफ्रिकेंतील सिएरा लिओन येथें दाखविलें. ‘सिम्युलियम डॅम्नोसम’ या माशीच्या शरीरांत जंताच्या पिलांची वाढ होते, हें त्यानें माश्यांची चिरफाड करून सिद्ध केलें. गुन्हेगाराचें नांव कळलें. परंतु नांव कळलें म्हणजे ओळख पुरी झाली असें नव्हे, हें पुढील दोन उदाहरणांवरून दिसून येईल.

पहिलें उदाहरण पूर्व आफ्रिकेंतील केनियाचें. तेथें हा रोग पसरविणारी माशी ‘सिम्युलियम नीव्ही’ ही होती. प्रौढ माशी सर्वांना माहीत. पण तिच्या अळ्या कोठेंच सांपडेनात. दगड पाहिले, गवत पाहिलें, सर्व व्यर्थ. १९४६ सालीं एका खोऱ्यांत, अळ्या कोठें आहेत हें ठाऊक नसतांनाच, नद्यांत डीडीटी सोडून त्या खोऱ्यापुरती ही माशी नाहींशी करण्यांत गार्नहॅम व मॅक्माहॉन हे यशस्वी झाले. अळ्यांचा ठावठिकाणा मात्र १९५० सालीं लागला. त्या दगडावर नव्हत्या, गवतावर नव्हत्या. नदींतील खेंकड्यांच्या अंगावर चिकटून त्या वाढत होत्या! माशी ओळखणें म्हणजे तिचें एकच रूप ओळखणें नव्हे. अंड्यापासून पंखांपर्यंतचा तिचा सर्व संसार कोठें चालतो हें ओळखणें होय, ही गोष्ट त्या खेंकड्यानें शिकविली.

दुसरें उदाहरण व्होल्टाच्या खोऱ्याचें, आणि तेंच अधिक विलक्षण. पश्चिम आफ्रिकेंतील गवताळ मुलखांत या रोगानें हाहाकार उडविला होता. कांहीं गांवांत चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांपैकीं जवळजवळ निम्मे आंधळे झाले होते. लहान मुलानें काठीचें एक टोंक धरून पुढें चालावें आणि दुसरें टोंक धरून आंधळ्या वडीलधाऱ्यानें मागें जावें, हें तेथील नित्याचें दृश्य होतें. त्या मुलाची शाळा व बालपण दोन्ही त्या काठीपायीं संपत. शेवटीं लोक नदीकांठच्या सुपीक जमिनी सोडून कोरड्या माळांवर जाऊन राहूं लागले. परंतु दक्षिणेकडील घनदाट अरण्याच्या मुलखांत निराळाच प्रकार दिसे. तोच जंत, दिसण्यांत तीच माशी, चावेहि तितकेच. तरी तेथें आंधळीं माणसें मानानें थोडीं.

या कोड्याचा उलगडा माशीच्या बाह्य रूपांत नव्हता. भिंगाखालीं सर्व माश्या एकसारख्याच दिसत. तेव्हां संशोधकांनीं अळीच्या लालापिंडांतील गुणसूत्रें पाहिलीं. या पिंडांतील गुणसूत्रें सामान्य गुणसूत्रांहून कितीतरी मोठीं असतात आणि त्यांवर आडव्या पट्ट्यांची रांग असते. त्या पट्ट्यांचा क्रम ताडून पहातां, ज्या माशीला सर्वजण एकच जात समजत होते ती अनेक जातींची मिळून बनलेली असल्याचें उघड झालें. १९७५ सालीं वाजिमे व डन्बार यांनीं पश्चिम आफ्रिकेंत अशा आठ जाती वेगळ्या केल्या; आज सबंध आफ्रिकेंतील अशीं रूपें पन्नासांहून अधिक मोजलीं जातात. गवताळ मुलखांतील जाती निराळ्या, अरण्यांतील निराळ्या. त्या ज्या जंताचे वाण वाहून नेतात त्यांतहि भेद. आणि आंधळेपणाचा मुख्य भार गवताळ मुलखांतील माश्या व जंत यांच्या जोडीवर होता.

या ज्ञानाचा उपयोग काय झाला, तेंहि पहावें. १९७४ सालीं सात देशांत मिळून या माशीविरुद्ध मोहीम सुरू झाली. पुढें तींत एकंदर अकरा देश आले. अळीची वाढ आठ-दहा दिवसांत पुरी होत असल्यामुळें दर आठवड्यास हेलिकॉप्टरनें नद्यांच्या खळाळांवर अळीनाशक औषध सोडीत. नदीकांठीं गांवोगांवचीं माणसें सकाळपासून सायंकाळपर्यंत पाय उघडे टाकून बसत, आणि पायावर माशी बसतांच ती चावण्यापूर्वीं कांचेच्या नळींत धरीत. दिवसाकांठीं किती माश्या आल्या, त्यांत किती जंताच्या पिलांनीं भरलेल्या, याचा हिशेब त्या नळ्यांवरून लागे. औषध सोडूनहि कांहीं नद्यांवर माश्या परत येत. ओळख पटवून पहातां त्या त्या नदींतल्या नव्हत्याच. पावसाळी वाऱ्याबरोबर शेंकडों किलोमीटर दूरच्या नद्यांवरून त्या आल्या होत्या. म्हणून मोहिमेची सीमा पश्चिमेस व दक्षिणेस वाढवावी लागली. १९८० सालीं आयव्हरी कोस्टमधील एका नदीवर औषध लागू पडेना. तेथेंहि कोणत्या जाती औषधाला दाद देत नाहींत हें ओळखून निरनिराळीं औषधें आळीपाळीनें वापरण्यांत आलीं. सर्व माश्या एकच समजून चाललें असतें, तर यांतील एकहि निर्णय घेतां आला नसता.

ही मोहीम २००२ सालीं संपली. तिनें सुमारें सहा लाख माणसांचें संभाव्य अंधत्व टाळलें आणि अडीच कोटि हेक्टर जमीन पुन्हां लागवडीस मोकळी केली, असा हिशेब देण्यांत येतो. तिच्या उत्तरार्धांत औषधाचीहि मोठी जोड मिळाली. जपानमधील मातींतल्या एका सूक्ष्म जीवापासून मिळालेल्या द्रव्यावरून बनविलेलें ‘आयव्हरमेक्टिन’ हें औषध १९८७ पासून या रोगासाठीं विनामूल्य मिळूं लागलें. तें मोठ्या जंताला मारीत नाहीं, पण त्याच्या पिलांचा नाश करतें. म्हणून जंत म्हातारा होऊन मरेपर्यंत वर्षानुवर्षें तें घ्यावें लागतें. या संशोधनाबद्दल विल्यम कॅम्बेल व सातोशी ओमुरा यांना २०१५ सालचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. अमेरिका खंडांत कोलंबिया देश २०१३ सालीं या रोगांतून मुक्त ठरला, आणि रोब्लेसचा ग्वाटेमाला २०१६ सालीं. आफ्रिकेंत हा मान प्रथम नायजर देशाला २०२५ सालीं मिळाला. काम मात्र संपलेलें नाहीं. आफ्रिकेंतील लाखों लोकांना हें औषध अजून दरसाल द्यावें लागतें.

भारतांत हा रोग नाहीं. परंतु सिम्युलियमचें कुल आहे. सह्याद्रींतील ओढ्यांत त्याच्या अळ्या आढळतात, आणि अरुणाचलाच्या डोंगरांत ‘डिम-डाम’ या नांवानें ओळखली जाणारी, अंगावर खाजरे फोड उठविणारी माशी याच कुलांतील आहे. उलट ‘वाळूमाशी’ हें नांव ऐकून नदीच्या वाळवंटांत शोध घेणाऱ्याची मात्र फसगत होईल. ती केसाळ, पंख उभारून बसणारी, डासाहून लहान माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यांच्या ओलसर कोपऱ्यांत रहाते. काळा आजार हा तिच्याच चाव्यानें होतो, हें स्वामिनाथ, शॉर्ट व अँडरसन यांनीं १९४२ सालीं सिद्ध केलें. नागपूरजवळच्या चांदीपुरा या गांवावरून ज्याला नांव पडलें, त्या १९६५ सालीं सांपडलेल्या विषाणूचा प्रसारहि वाळूमाशीकडूनच होतो असें मानतात. तिचा बंदोबस्त करावयाचा तर गोठा व भिंत पाहिली पाहिजे. सिम्युलियमचा करावयाचा तर नदीचा खळाळ पाहिला पाहिजे. ओळखींत चूक झाली कीं सर्व खटाटोप भलत्याच जागीं होतो.

श्रोत्यांपैकीं कोणाला नदीकांठीं अशी अनोळखी माशी आढळली, तर ती चिरडून टाकूं नये. चिरडलेली माशी कोणालाच ओळखतां येत नाहीं. भ्रमणध्वनीवर छायाचित्र घ्यावयाचें तर एक पाठीवरून, एक बाजूनें व एक तोंडासमोरून अशीं तीन घ्यावीं, आणि जवळ मोजपट्टी किंवा निदान नाणें ठेवावें, म्हणजे आकार कळतो. माशी ठेवावयाची तर लहान, मऊ अंगाची माशी बाटलींत स्पिरिटमध्यें ठेवावी. मोठी, टणक असल्यास टांचणीला टोंचून कोरडी ठेवावी. बाटलींत एक चिठ्ठी शिसपेन्सिलीनें लिहून घालावी, कारण स्पिरिटमध्यें शाई पुसली जाते. चिठ्ठीवर दिनांक व वेळ, नदीचें व गांवाचें नांव, पाणी खळाळतें कीं संथ, माशी काय करीत होती आणि ती कोणीं धरली, एवढें अवश्य असावें. चिठ्ठी नसलेला नमुना मुका असतो. चिठ्ठी असली म्हणजे तो पन्नास वर्षांनींहि साक्ष देतो. भारतीय प्राणिसर्वेक्षण ही संस्था १९१६ सालीं स्थापन झाली असून तिचें एक केंद्र पुण्याजवळ आकुर्डीस आहे. अशा संस्थांचे संग्रह चिठ्ठीसह ठेवलेल्या नमुन्यांवरच उभे राहिले आहेत.

शेवटीं एक पथ्य पाळावें. पुरावा जेथवर नेईल, तेथवरच नांव द्यावें. पंख दोन आहेत एवढेंच निश्चित दिसलें, तर ‘द्विपंखी’ म्हणून थांबावें. शिरांवरून कुल कळलें, तर कुलापर्यंत जावें. जातीचें नांव जाणकारानें तपासल्यावांचून लावूं नये. अर्धवट पण खरी ओळख पुढच्या माणसाला उपयोगी पडते, कारण त्याला तेथून पुढें जातां येतें. पुरी पण खोटी ओळख त्याला वाट चुकविते. व्होल्टाच्या खोऱ्यांत आज जीं शेतें पिकतात, तीं अशाच लहान लहान, खऱ्या नोंदींच्या जोरावर पुन्हां नांगराखालीं आलेलीं आहेत.